‘चालून जाईल’ची किंमत

जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत, अशी एक लोकप्रिय तक्रार आहे. ती खोटी आहे. पार्ट मिळतात. भंडाऱ्यात मिळतात, नागपुरात मिळतात, मोबाइलवर बोट दाबलं तर दिल्लीच्या काश्मिरी गेटहून चार-सहा दिवसांत घरपोच येतात. आमच्या १९९१ सालच्या प्रीमियर पद्मिनीसाठी मी गेल्या दोन वर्षांत पाच कंडेन्सर, तीन रोटर, दोन कॉइल आणि पॉइंटचे चार सेट विकत घेतले. ‘माल नाही’ हे उत्तर एकदाही ऐकलं नाही. मिळत नाही तो या वस्तूंमागे उभा राहणारा माणूस. हा कंडेन्सर मी केला, अमुक महिन्यात केला, इतक्या क्षमतेचा केला आणि तो महिन्याभरात मेला तर मला विचारा, एवढं म्हणणारं कुणी मिळत नाही.

माझं भांडण टंचाईशी नाही, या बेनामी मालाशी आहे. आणि तो माल गुपचूप खपवून घेणाऱ्या आपल्या सगळ्यांशी आहे.

ज्यांनी फक्त आजच्या गाड्या चालवल्यात त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आजच्या गाडीत ठिणगी कधी पाडायची हे कॉम्प्युटर ठरवतो. पद्मिनीत, अँबेसेडरमध्ये, जुन्या पेट्रोल जीपमध्ये हे काम डिस्ट्रिब्यूटर नावाच्या एका डब्यात चालतं. ही पद्धत चार्ल्स केटरिंग या अमेरिकी इंजिनियरने १९१० च्या सुमारास बसवून दिली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरच्या गाड्या तिच्यावरच पळाल्या. डब्याच्या आत एक दांडा फिरतो. त्याच्या उंचवट्यांमुळे दोन छोटे धातूचे ठिपके, म्हणजे पॉइंट, उघडतात आणि मिटतात. मिटलेले असताना कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह वाहतो. ते उघडले की प्रवाह तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं आणि बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. हा दाब रोटर नावाचा फिरता तुकडा एकेका प्लगकडे पाळीपाळीने पोचवतो. कंडेन्सर बोटाच्या पेराएवढा, पॉइंटना जोडलेला. पॉइंट उघडताना प्रवाह त्या फटीतून उडी मारू बघतो. तो कंडेन्सर झेलतो. त्याने झेलला नाही तर ठिणगी प्लगमध्ये पडायच्या ऐवजी पॉइंटवर पडते. पॉइंट जळतात आणि इंजिन मान टाकतं.

आता थोडा हिशोब. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल तर त्याला मिनिटाला सहा हजार ठिणग्या लागतात. सेकंदाला शंभर. भंडारा ते नागपूर साधारण साठ किलोमीटर, तासाभराचा रस्ता. तेवढ्यात तीन लाख साठ हजार ठिणग्या. प्रत्येक वेळी पॉइंट उघडणार आणि प्रत्येक वेळी तो पेराएवढा कंडेन्सर मध्ये पडणार. हा पार्ट स्वस्त आहे म्हणून त्याचं काम हलकं आहे असं समजणाऱ्याने हा आकडा एकदा मनात म्हणून बघावा.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही साकोलीहून लग्न आटोपून भंडाऱ्याला परतत होतो. मी गाडी चालवत होतो, बाबा शेजारी, आई आणि आजी मागे. भंडाऱ्याचा मे ज्यांना माहीत आहे त्यांना रात्री आठ वाजताही रस्ता कसा वाफा सोडतो ते सांगायला नको. कारध्याच्या अलीकडे गाडीने दोन-तीन आचके दिले आणि वैनगंगेच्या पुलावर चढता चढता ती बंद पडली. हा राष्ट्रीय महामार्ग ५३. मुंबईहून कोलकात्याकडे आणि कोलकात्याहून मुंबईकडे जाणारा अर्ध्या देशाचा माल इथून जातो. मागून येणाऱ्या ट्रकला आमचे मिणमिणते दिवे किती दिसत असतील याचा विचार मी तेव्हा केला नाही, नंतर रात्रभर केला. आम्ही आजीला उतरवून कठड्याला लागून उभं केलं. एक ट्रक इतक्या जवळून गेला की आईचा पदर त्याच्या वाऱ्याने उडाला. वीस-पंचवीस मिनिटांनी गाडी चालू झाली, जणू काही घडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. आमची गाडी वीस वर्षं तेच बघतात. त्यांनी पेट्रोल पंपावर बोट ठेवलं. उन्हात पंप तापतो, नळीत पेट्रोलची वाफ अडकते, गाडी बंद पडते. मग पंपावर ओलं फडकं गुंडाळून वाट बघायची. विदर्भात जुनी गाडी चालवलेल्या प्रत्येकाला हा उपाय पाठ आहे. आम्ही फडकं ठेवलं. गाडी पुढच्या आठवड्यात परत बंद पडली. फडकं ओलं केलं, वीस मिनिटांनी चालू झाली. म्हणजे पंपच, असं सगळ्यांचं एकमत झालं. पंप बदलला. गाडी बंद पडली. कार्ब्युरेटर साफ केला. बंद पडली. बाबांच्या आवाजात मिस्त्रींबद्दल एक नवी धार आली. ‘‘आता यांचं वय झालं,’’ ते म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

चूक कुणाची होती ते मला कळायला पावसाळा उजाडला. लग्नाच्या आधी महिनाभर मिस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटरमध्ये नवे पॉइंट आणि नवा कंडेन्सर टाकला होता. जुना चांगला चालत होता, पण ‘पॉइंट बदलतोच आहोत तर कंडेन्सरही बदलून टाकू’ हा सगळीकडचा रिवाज, आणि तो चुकीचा नाही. मी नवा कंडेन्सर काढून मल्टिमीटरला लावला. आकडा बरोबर आला, मायक्रोफॅरडच्या साधारण पाव भागाएवढा. म्हणजे निर्दोष. मग डोक्यात आलं, गाडी तापल्यावर बंद पडते आणि मी हा मोजतोय पंख्याखाली. आईचा हेअर ड्रायर आणला आणि तापवून मोजला. आकडा डळमळायला लागला, मग एकदम शून्य. थंड होऊ दिला, आकडा परत जागेवर. आतली जोडणी उष्णतेने सुटत होती आणि गार झाली की पुन्हा टेकत होती. पंपावर ओलं फडकं ठेवून आम्ही जी वीस मिनिटं थांबायचो, त्यात पंप नाही, कंडेन्सर गार होत होता. रोग एकाचा, उपचार दुसऱ्यावर, आणि गुण येतोय असं दिसत असल्यामुळे कुणाला शंका नाही.

मिस्त्रींनी काढून ठेवलेला तेहेतीस वर्षांचा मूळ कंडेन्सर खोक्यात पडला होता. तोही तसाच तापवून मोजला. हलला नाही. तो परत बसवला, गाडी आजही त्याच्यावर चालते. मधल्या काळात मागवलेल्या चार नव्या कंडेन्सरांपैकी दोन हेअर ड्रायरसमोर टिकले नाहीत. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, चार नगांवरून कुणी निष्कर्ष काढू नये हे मलाही कळतं. माझा मुद्दा वेगळा आहे. या पाचही कंडेन्सरांच्या पाकिटांवर गाडीचं नाव होतं, ‘क्वालिटी’ हा शब्द होता, एकावर सिंहाचं चित्र होतं. ते कुणी बनवले, कुठे, कधी, हे एकावरही नव्हतं.

कॉइलची कथा याहून गमतीची. बारा व्होल्टच्या कॉइल दोन जातींच्या असतात. एकीच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध साधारण तीन ओहम, ती थेट बॅटरीवर चालते. दुसरीचा सुमारे दीड ओहम, तिच्याआधी वेगळा रोधक लावावा लागतो. दुसऱ्या जातीची कॉइल रोधकाशिवाय लावली तर ती तापते आणि पॉइंट जाळते. दोन्ही दिसायला सारख्या. मी घेतलेल्या दोन कॉइलपैकी एक पहिल्या जातीची निघाली, दुसरी दुसऱ्या. खोकी जवळजवळ सारखी आणि रोधाचा आकडा दोन्हींवर नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, ‘‘लावून पहा ना जी, चालून जाईल.’’ मल्टिमीटर नसलेला मेकॅनिक हीच कॉइल लावणार, आठवड्याभरात पॉइंट जळणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार, मिस्त्रीला काम येत नाही.

रोटरचंही तेच. तो विजेला दाद न देणाऱ्या प्लास्टिकचा हवा, वर पितळेची पट्टी. प्लास्टिक हलकं असलं किंवा पट्टी बसवणारा रिव्हेट खालच्या दांड्याच्या फार जवळ गेला, की हजारो व्होल्ट प्लगकडे जायचं सोडून प्लास्टिक फोडून दांड्यात उतरतात. इंग्लंडातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी यावर इतका आरडाओरडा केला, की तिथे रिव्हेटच नसलेले लाल रोटर बाजारात आले आणि ते कोण बनवतं हे गिऱ्हाइकांना नावानिशी माहीत असतं. तिथली गिऱ्हाइकं आपल्यापेक्षा हुशार नाहीत. ती फक्त चिवटपणे तक्रार करतात.

आता आक्षेप. पहिला मला ऑफिसातच ऐकवला जातो: एवढा त्रास आहे तर इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव. पॉइंट आणि कंडेन्सर काढायचे, त्या जागी चुंबकाची कडी आणि सेन्सर. उपाय चांगला आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण तो सेन्सर तरी कुणी बनवलाय? तोही त्याच बाजारातून, तसल्याच पाकिटातून येतो. फरक एवढाच, की पॉइंट बिघडले तर रस्त्याच्या कडेला नखाची कानस फिरवून घरी पोचता येतं. सेन्सर गेला तर गाडी ओढून न्यावी लागते. म्हणून तो बसवणारे शहाणे लोक जुने पॉइंट डिकीत ठेवतात. बेनामी मालावरचा उतारा म्हणून जास्त गुंतागुंतीचा बेनामी माल घेणं हा उतारा नाही.

दुसरा आक्षेप: भंगारात टाका. जुन्या गाड्या धूर सोडतात, सरकारनेही २०२१ मध्ये भंगार धोरण आणलं. धुराचा मुद्दा मला मान्य आहे. पण मग सरकारने माझ्याकडून पैसे घेऊन ‘ही गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे’ असा कागद देऊ नये. पंधरा वर्षांवरच्या खासगी कारच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ते १०,००० झालं. शिवाय हरित कर. एवढे पैसे घेणारी यंत्रणा गाडीचे दिवे बघते, ब्रेक बघते, धूर मोजते. त्या गाडीत जाणारा सुटा भाग कुठून येतो, याचं तिला काही घेणंदेणं नाही. आणि मंदपणे ठिणगी पाडणारं इंजिन न जळलेलं पेट्रोल बाहेर टाकतं. धुराची काळजी असणाऱ्यांनी तर माझ्याआधी ओरडायला हवं होतं.

तिसरा आक्षेप हौशी मंडळींचा. ते म्हणतात, विंटेजचा दर्जा मिळवा. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार विंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची गाडी. तिला वेगळी नोंदणी, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, आणि ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती वगैरे ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणायची. ‘पद्मिनी’ हे नाव लावणारी पहिली गाडीसुद्धा आत्ता कुठे पन्नाशीला टेकते आहे. आमची १९९१ ची ना नवी ना विंटेज. आणि ती आम्हाला क्रोम चकाकवून मिरवायची नाही. तिच्यातून बाजारातून तांदूळ आणायचा आहे, आजीला दवाखान्यात न्यायचं आहे. शिवाय चांगले पार्ट कुठे मिळतात हे माहीत असलेले हौशी लोक ते गुपित तिजोरीत ठेवल्यासारखं ठेवतात. त्यांच्या रॅलीला टाळ्या वाजवाव्यात असं मला वाटत नाही.

हा फक्त कारवाल्यांचा लाडही नाही. राजदूत, येझदी, जुनी लुना यांतही पॉइंट आणि कंडेन्सरच आहेत. मोहाडी-तुमसरच्या रस्त्यावर अशा गाड्या अजून दूध, भाजी आणि माणसं वाहतात, आणि त्यांच्या मालकांकडे दुसरी गाडी नाही.

एक गोष्ट खरी, की बाजार आटला आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर या गाडीच्या पार्टना रोजचं गिऱ्हाईक होतं. दिवसाला शंभरेक किलोमीटर धावणारी टॅक्सी खराब पार्ट लगेच उघडा पाडते आणि टॅक्सीवाला दुसऱ्या दिवशी दुकानात उभा राहतो. मालाची खरी तपासणी तीच होती. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदवली गेली, वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. तिच्याबरोबर भंडाऱ्यातल्या आमच्या गाडीचा फुकटचा तपासनीसही गेला, हे कुणी छापलं नाही. आमच्यासारखे उरलेले महिन्याला दोनशे किलोमीटर चालवतात, कंडेन्सर सहा महिन्यांनी मरतो, तोवर कुठून घेतला होता ते विसरलेलं असतं.

म्हणून आता जे काम टॅक्सीवाले करत होते ते कागदाने करायला हवं. आणि गंमत म्हणजे कागद आहे. २०११ च्या वैध मापनाच्या नियमांनुसार किरकोळ विक्रीच्या बंद पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापावी लागते. बिस्किटाच्या पुड्यावर आपण ते बघतो. कंडेन्सरच्या पाकिटावर नसलं तर कुणाला काही वाटत नाही. दुसऱ्याचं नाव चोरून लावलं तर ट्रेडमार्क कायद्यात तुरुंग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बनावट मालाला शिक्षा आहे आणि सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारीही आहे. पण बनावट म्हणजे जे खोटेपणाने अस्सल असल्याचा दावा करतं ते. सिंहाचं चित्र कसलाच दावा करत नाही. ज्याने नावच लावलं नाही त्याच्यावर दावा कुणी लावायचा? नकली नाव लावणाऱ्यापेक्षा नाव न लावणारा जास्त सुरक्षित आहे, हा या बाजाराचा खरा नियम आहे.

ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. चांगली गोष्ट आहे. पण ती कल्पना जिवंत कंपनीला प्रश्न विचारते. बंद झालेल्या गाडीचं काय? तिचे नकाशे, मापं, कॉइलचा रोध, पॉइंटची फट, ही माहिती कुठल्याशा कपाटात पडून असते. माझी मागणी साधी आहे: एखादं मॉडेल बंद केल्यावर ठरावीक वर्षांनी त्याच्या झिजणाऱ्या सुट्या भागांची मापं खुली करावीत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे कुणी लेखक आणि आवृत्ती नसलेला कोड आणून ‘लावून बघ, चालून जाईल’ म्हणाला तर त्याला हसून बाहेर काढतात. त्या कोडने फार तर एखादं वेबपान बंद पडलं असतं. आजी महामार्गावर उभी राहिली नसती.

आणि हे करायला भंडाऱ्याला काय कमी आहे? या गावाची ओळखच पितळेच्या भांड्यांची. रोटरच्या डोक्यावरची पट्टी पितळेचीच असते. वरठीला पोलाद होतं, गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज बॅटऱ्यांत जातं. बॅटरीपासून ट्रकपर्यंत सगळ्यात या जिल्ह्याचा हात लागतो. भंडाऱ्यातच रोटर बनवा असं मी म्हणत नाही, तो हट्ट परवडणारा नाही. पण तपासता नक्की येईल. आयटीआयच्या एका टेबलावर मल्टिमीटर, गरम हवा आणि एक फिरतं डिस्ट्रिब्यूटर ठेवलं तर मुलं आठवड्याला पन्नास नग तपासतील, आणि ते करताना इग्निशन शिकतील ते वेगळंच.

राहिले आपण. मी घेतलेल्या चौदा वस्तूंपैकी पक्कं बिल किती वस्तूंचं होतं? दोन. ती दोनही ऑनलाइन आली म्हणून. बाकी ठिकाणी मी ‘बिल नको, भाव नीट लावा’ म्हणणाऱ्यांच्या रांगेत गुपचूप उभा होतो. बिल नाही तर तक्रार नाही, तक्रार नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे सगळा माल चांगलाच. दुकानदाराने ‘ओरिजनल देऊ की साधा?’ विचारलं तेव्हा पंचवीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या गाडीचा ‘ओरिजनल’ म्हणजे काय, हे मीही विचारलं नाही. त्या शब्दासाठी तीस रुपये जास्त दिले आणि खूश झालो.

या सगळ्यात किंमत मोजली ती मिस्त्रींनी. कंडेन्सर बनवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही, दुकानदार हात वर करतो, सरकारच्या खिजगणतीत नाही. समोर दिसतो तो पान्हा हातात घेतलेला माणूस, म्हणून दोष त्याला. मी तापवलेला कंडेन्सर त्यांना दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हणजे मी बदलला नसता तर बंदच पडली नसती.’’ मी म्हटलं, ‘‘काका, तुम्ही बरोबरच केलं होतं.’’ बाबा त्या दिवशी घरी होते. ते बाहेर आले नाहीत. पण पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः फोन करून मिस्त्रींना टायमिंग बघायला बोलावलं. टायमिंगला काही झालं नव्हतं.

आता मिस्त्रींकडे एक वही आहे. त्यात ते लिहितात: वस्तू, दुकान, तारीख, कुठल्या गाडीत टाकली, कधी मेली. कंडेन्सर आधी गरम करून मोजतात. हेअर ड्रायर आमचा, मल्टिमीटर त्यांनी घेतला. नाव-पत्ता नसलेलं पाकीट ते परत करतात. पहिल्यांदा दुकानदार हसला. हल्ली तो एक खोका वेगळा ठेवतो, ज्यावर पत्ता छापलेला असतो, आणि म्हणतो, ‘‘हे तुमच्या मिस्त्रीचं.’’ वहीत अजून चाळीसेक नोंदी आहेत. तुमच्या गावातल्या मिस्त्रींना अशी वही घ्यायला सांगा, आणि पुढच्या वेळी बिल मागा.